सेल्फ-होस्टिंग

सेल्फ-होस्टिंग : छायाचित्रे, कागदपत्रे, पासवर्ड, टिपणे, दिनदर्शिका, चित्रफिती अशा रोजच्या वापरातील गोष्टी एखाद्या कंपनीच्या सर्व्हरवर न ठेवता स्वतःच्या ताब्यातील संगणकावर ठेवणे आणि तेथून घरातील फोन, लॅपटॉप व टीव्ही यांना पुरविणे, या प्रथेला सेल्फ-होस्टिंग म्हणतात. ‘सर्व्हर’ या शब्दाने वातानुकूलित खोलीतील कपाटाएवढे यंत्र डोळ्यांसमोर येते. परंतु येथे अभिप्रेत असलेले यंत्र बहुधा कोणी वापरत नसलेला जुना लॅपटॉप, छोटा मिनी-पीसी किंवा २०१२ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाची एखादी पुढची आवृत्ती असते. पुण्यात नोकरी करणारी मुले आणि सोलापुरात राहणारे आईवडील, अशी दोन ठिकाणी विभागलेली घरे सोलापुरात बरीच आहेत. अशा घरांना ही पद्धत विशेष उपयोगी पडते, आणि तिच्या अडचणीही अशाच घरांत अधिक स्पष्ट दिसतात.

ही प्रथा जुनी असली तरी तिच्याकडे सामान्य वापरकर्त्याचे लक्ष वेधले ते बंद पडलेल्या किंवा अटी बदललेल्या सेवांमुळे. गूगल रीडर ही बातम्या व लेख एकत्र वाचण्याची सेवा १ जुलै २०१३ रोजी बंद झाली. गूगल फोटोजने छायाचित्रांसाठी देऊ केलेली अमर्याद मोफत जागा १ जून २०२१ पासून थांबली आणि नवी छायाचित्रे खात्याच्या १५ जीबींच्या मर्यादेत मोजली जाऊ लागली. लग्नाचे, बारशाचे आणि गड्ड्याच्या यात्रेचे फोटो एकाच खात्यात साठविणाऱ्या कुटुंबाला ही मर्यादा लवकरच जाणवते. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगातही असे प्रसंग आले, पण तेथे त्यांचा शेवट वेगळा झाला. २०१० मध्ये सुरू झालेल्या ओनक्लाउड या फाइली साठविण्याच्या सॉफ्टवेअरच्या संस्थापकाने २०१६ मध्ये वेगळे होऊन त्याच धर्तीचे नेक्स्टक्लाउड काढले. एम्बी या चित्रफिती दाखविणाऱ्या सॉफ्टवेअरने आपला स्रोत, म्हणजे प्रोग्रामचा मूळ मजकूर, इतरांसाठी बंद केल्यावर डिसेंबर २०१८ मध्ये त्याच्या आधीच्या खुल्या स्रोतातून जेलीफिन उभे राहिले. स्रोत खुला असेल तर मूळ मालक निघून गेल्यावरही काम पुढे चालू राहू शकते, हे या दोन उदाहरणांवरून दिसते.

रोजच्या वापरात मोजकीच सॉफ्टवेअरे पुन्हा पुन्हा आढळतात. छायाचित्रांसाठी इमिच वापरतात. फोनवरील त्याचे ॲप नवे फोटो आपोआप घरच्या यंत्राकडे पाठविते आणि चेहरे ओळखण्याचे कामही त्याच यंत्रावर होते. पासवर्डांसाठी व्हॉल्टवॉर्डन आहे. ते बिटवॉर्डनच्या सर्व्हरचे हलके पर्यायी रूप असून बिटवॉर्डनचीच ॲपे त्याला जोडता येतात, आणि सर्व्हर बंद असला तरी फोनमध्ये उतरलेले पासवर्ड वाचता येतात. सिंकथिंग हा याहून निराळा प्रकार होय. त्यात मधला सर्व्हर नसतोच; दोन उपकरणे एकमेकांना ओळखतात आणि ठरवून दिलेले फोल्डर सारखे ठेवतात. प्रस्तुत लेखकाच्या मते नवख्याने सुरुवात नेक्स्टक्लाउडसारख्या अवजड सॉफ्टवेअरने न करता सिंकथिंगने करावी. मात्र त्याचे अधिकृत अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ च्या आवृत्तीनंतर थांबले असल्याने फोनवर इतरांनी पुढे चालविलेली आवृत्ती घ्यावी लागते.

मराठी वापरकर्त्यापुढे काही खास प्रश्न उभे राहतात. लिनक्सच्या एक्स्ट४ या प्रचलित फाइल-व्यवस्थेत फाइलच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते. यूटीएफ-८ या अक्षरे साठविण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते आणि काना, मात्रा, वेलांटी यांची गणना स्वतंत्र होते, त्यामुळे ही मर्यादा प्रत्यक्षात ८५ चिन्हांची ठरते. ‘सातबारा उतारा’ने सुरू होऊन गावाचे, गटाचे आणि सर्व हिस्सेदारांचे नाव सांगणारी फाइल तेथे अडते. दुसरा प्रश्न ‘ऱ’चा. युनिकोडमध्ये हे अक्षर एका चिन्हानेही लिहिता येते आणि ‘र’ला नुक्ता जोडूनही लिहिता येते. डोळ्यांना ‘वऱ्हाड’ दोन्ही प्रकारे सारखेच दिसते, परंतु यंत्राच्या दृष्टीने ती दोन वेगळी नावे असतात. सिंकथिंग अशी नावे स्वतःहून एकरूप करते; सगळीच सॉफ्टवेअरे तसे करत नाहीत. स्कॅन केलेले कागद शोधण्याजोगे करणारे पेपरलेस-एनजीएक्स हे टेसरॅक्ट या अक्षर-ओळख यंत्रणेवर चालते आणि तिच्यात मराठीबरोबर कन्नड, तेलुगू व उर्दूही आहेत. या चारही भाषा ज्या शहरातील पेठांत कानांवर पडतात त्या सोलापुरात ही गोष्ट लहान नाही. छापील मजकूर तिला बऱ्यापैकी वाचता येतो. यंत्रमाग कारखान्याच्या बिलबुकातील हस्ताक्षर मात्र तिच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि आजोबांच्या पेटीतील मोडी कागदांचे तर नावच नको.

घरच्या सर्व्हरचा खरा कस वीज आणि उष्णता यांत लागतो. दहा वॅट घेणारे यंत्र महिनाभर अखंड चालले तर ७.२ युनिट वीज जळते, म्हणजे खर्चाची बाब किरकोळ आहे. वीज अचानक जाणे मात्र किरकोळ नसते, कारण डेटाबेसमध्ये नोंद चालू असतानाच पुरवठा तुटला तर ती बिघडू शकते. जुन्या लॅपटॉपची बॅटरी येथे उपयोगी ठरते, परंतु ती फुगलेली नाही ना हे अधूनमधून पाहावे लागते. इन्व्हर्टर असल्यास सर्व्हरबरोबर राउटर व फायबरची डबीही त्याच्यावर घ्यावी, हे सांगावे लागू नये, पण लागते. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशी ओलांडतो. रास्पबेरी पाय ४ चा प्रोसेसर ८० अंश सेल्सिअसला पोहोचला की आपला वेग कमी करू लागतो. पत्र्याखालच्या माळ्यावर बंद डब्यात ठेवलेल्या यंत्राला दुपारी तेथे पोहोचायला फार वेळ लागत नाही. खालच्या मजल्यावरील उघडी, वारा लागणारी फळी ही त्याची योग्य जागा. डेटाबेस मेमरी कार्डवर ठेवणेही टाळावे, कारण सततच्या लेखनाने कार्ड झिजते. त्याऐवजी एसएसडी जोडावी.

होम असिस्टंट हे २०१३ मध्ये सुरू झालेले सॉफ्टवेअर सामान्यतः दिव्यांच्या स्वयंचलनासाठी ओळखले जाते. नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येणाऱ्या सोलापुरात त्याचा अधिक उपयुक्त वापर हौदावर होतो. हौदाच्या झाकणाला बसविलेला अल्ट्रासॉनिक संवेदक पाण्याची पातळी मोजतो. मोटार बंद असताना पातळी वाढू लागली म्हणजे नळाला पाणी आले, असे ताडून सॉफ्टवेअर फोन वाजविते. वरची टाकी भरल्यावर मोटार बंद करण्याचे कामही त्याच्याकडे देता येते. इंटरनेट बंद असले तरी ही मोजणी आणि मोटारीचे नियंत्रण घरच्या घरात चालू राहते.

पुण्याहून सोलापूरच्या घरातील यंत्रापर्यंत पोहोचणे ही पुढची अडचण. अनेक इंटरनेट कंपन्या ग्राहकाला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता न देता अनेकांना मिळून एकच पत्ता देतात. या व्यवस्थेसाठी १००.६४.०.० पासूनचा पत्त्यांचा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. राउटरच्या बाहेरच्या बाजूस या पट्ट्यातील पत्ता दिसला तर राउटरमध्ये कितीही पोर्ट (बाहेरून आत येण्याचे मार्ग) उघडले तरी बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही, आणि त्या खटाटोपात नवख्याचा रविवार जातो. यावर टेलस्केल हा सोपा उपाय आहे; तो वायरगार्ड या, दोन उपकरणांत सुरक्षित खासगी जोडणी उभारणाऱ्या तंत्रावर आधारलेला आहे. वायरगार्ड स्वतः मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत समाविष्ट झाले. टेलस्केलमध्ये उपकरणांची ओळखपाळख कंपनीचा सर्व्हर करून देतो. तेवढेही परावलंबन नको असणारे हेडस्केल, म्हणजे त्या सर्व्हरचे स्वतः चालविता येणारे मुक्त रूप, वापरतात.

सिंक (सर्व उपकरणांवरील फोल्डर सारखे ठेवणे) म्हणजे बॅकअप नव्हे, हा भेद अनेकांना पहिला फटका बसल्यावर कळतो. एका फोनवर चुकून पुसलेला फोल्डर काही क्षणांत सर्व उपकरणांवरून पुसला जातो. सामग्रीच्या तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, त्यांपैकी एक घराबाहेर, हा रूढ नियम पाळण्यासाठी पुण्यातील मुलाचे घर ही आयती जागा आहे. दोन टेराबाइटांची पहिली प्रत ५० एमबीपीएस वेगाने पाठवायला सुमारे ८९ तास लागतात. तीच डिस्क पिशवीत घालून हुतात्मा एक्सप्रेसने नेल्यास साधारण चार तासांत पोहोचते. त्यानंतरचे दररोजचे बदल मात्र इंटरनेटवरून पाठविणेच सोयीचे.

हे सर्व उभारणारी व्यक्ती घरात एकच असते आणि बहुधा तीच नोकरीसाठी बाहेरगावी असते. म्हणून यंत्र कोणत्या क्रमाने बंद-चालू करायचे, मुख्य पासवर्ड कोठे आहे आणि बॅकअपची डिस्क कोणती, हे मराठीत कागदावर लिहून घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवण्याची पद्धत उपयुक्त ठरते. इमिचमध्ये साठवणुकीचा साचा (फाइलींची नावे व फोल्डर ठरविणारी सोय) चालू केला नाही, तर मूळ छायाचित्रे डिस्कवर अर्थबोध न होणाऱ्या लांबलचक नावांनी साठतात. तो सुरुवातीलाच चालू केल्यास ती वर्षवार फोल्डरांत राहतात आणि सर्व्हर कायमचा बंद पडला तरी, लिनक्सची डिस्क वाचता येणाऱ्या कोणत्याही संगणकाला ती जोडून घरातील कोणालाही उघडून पाहता येतात.