नकोशी ई-जाहिरात : नियमन आणि ग्रामीण विदर्भातील ग्राहकमत

न मागता ई-मेलवर येणारा विक्रीचा मजकूर.

पहिली नकोशी ई-जाहिरात कोणती, याबद्दल एकमत नाही. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे गॅरी थ्युर्क यांनी मे १९७८ मध्ये अर्पानेटवरील (इंटरनेटच्या आधीचे संगणकजाळे) सुमारे ४०० जणांना संगणकाच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण धाडले, ते बहुधा आद्य मानले जाते. काही जण १९९४ पासून, म्हणजे कँटर व सीगल या वकील दांपत्याने यूजनेट या चर्चागटांच्या जाळ्यावर केलेल्या ग्रीन कार्डविषयक जाहिरातीपासून, सुरुवात धरतात. परंतु ती जाहिरात सार्वजनिक गटांत टाकलेली होती, कोणाच्या खासगी टपालात शिरलेली नव्हती. त्यामुळे पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

नियमनाच्या दोन पद्धती आहेत. अमेरिकेच्या २००३ च्या कॅन-स्पॅम कायद्यानुसार जाहिरात आधी पाठवता येते, नकार नंतर कळवायचा; युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार सर्वसाधारणपणे पूर्वसंमती लागते. भारतात अशा ई-मेलसाठी स्वतंत्र कायदा नाही. त्रासदायक ई-मेलचा उल्लेख असलेले माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेचे २०१८ चे विनियम आणि तक्रारीचा १९०९ हा क्रमांक कॉल व एसएमएसपुरतेच आहेत.

यवतमाळ-वाशीमकडच्या खेड्यांत ई-मेल पत्ता पत्रव्यवहारापेक्षा शिष्यवृत्ती, महाडीबीटी (सरकारी योजनांचे संकेतस्थळ) किंवा नवा मोबाइल सुरू करण्यासाठी काढला जातो. पुष्कळदा तो सेतू केंद्रातला मुलगा काढून देतो. पासवर्डही त्याच्याच वहीत राहतो. मग जाहिरातीला संमती देण्याच्या चौकटीत बरोबरची खूण कोणी केली, हे शेतकऱ्याला सांगता येत नाही आणि ‘तुम्हीच संमती दिली’ हे कंपनीचे म्हणणे खोडणेही अवघड जाते. ग्राहकांचा कल साहजिकच ‘पयले इचारा, मंग पाठवा’ असा दिसतो. विरोध सरसकट नाही. तुरीचा भाव किंवा पावसाचा अंदाज सांगणारा मजकूर चालतो. खरिपाच्या तोंडावर झटपट कर्जाची आमिषे नको असतात. तक्रार मात्र कॉलची होते, ई-मेलची क्वचितच.

नकार कळवण्याची कडी (लिंक) बहुधा ई-मेलच्या तळाशी, बारीक इंग्रजी अक्षरांत असते. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३ नुसार संमती मागे घेणे ती देण्याइतकेच सोपे हवे, आणि संमतीची विनंती इंग्रजीत किंवा संविधानाच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याचा पर्याय हवा. मराठी त्या अनुसूचीत आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य तरतुदींची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे.