पायलटांची युनियन पगारावर भांडते की तासांवर? थोडी मागची गोष्ट

पायलट लोकांच्या आंदोलनाची बातमी आली की नागपुरात कोणत्याही पानठेल्यावर पहिली कॉमेंट ठरलेली असते, "लाखांनी पगार घेतात, अजून काय पाहिजे बाप्पा यायले?" लाखांनी घेतात हे खरंच आहे. पण मागचे करार नि संप पाहिले तर भांडण आकड्यावर कमी आणि तासांवर जास्त दिसतं, म्हणून हे लिहून राहिलो.

आधी पगार कसा बनतो ते बघा. एक भाग फिक्स, दुसरा उड्डाणाच्या तासांवर. आणि तास म्हणजे ब्लॉक टाइम, विमान जागेवरून हललं तेव्हापासून पलीकडे पार्किंगला थांबेपर्यंत. रिपोर्टिंगला आधी पोचायचं, ब्रीफिंग, येणारं विमानच लेट, टर्मिनलवर दोन तास नुसतं बसून, हे त्यात धरत नाहीत. ऑटोचं मीटर वेटिंगमध्येही पडत राहतं (आपल्याकडे मीटरवर ऑटो चालते कुठे, पण समजा), पायलटचं मीटर मात्र चाक हलल्यावरच सुरू. म्हणून युनियनचा जीव एका कलमात अडकलेला असतो, ते म्हणजे गॅरंटीचे तास. उडवा की घरी बसवा, महिन्याला इतक्या तासांचे पैसे नक्की. हा आकडा ७० वरून ४० वर आणला की रेट तोच ठेवूनही पगार खाली येतो.

रात्री विमान उडवायचा इतिहास तर आपल्या सोनेगाव विमानतळाचाच आहे. जानेवारी १९४९ पासून ऑक्टोबर १९७३ पर्यंत दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास अशी चारही बाजूंनी विमानं रात्री नागपुरात उतरायची, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि सकाळच्या आत सगळे आपापल्या गावी परत. आपण ही गोष्ट देशाचा मध्यबिंदू, झिरो माइल वगैरे म्हणून अभिमानाने सांगतो, पण कॉकपिटमधल्या माणसाची झोप कोण मोजत होतं हे कोणी विचारत नाही.

१९५३ ला सरकारने विमान कंपन्या ताब्यात घेतल्या आणि दोन महामंडळं केली, देशातल्या देशात इंडियन एअरलाइन्स आणि परदेशी मार्गांवर एअर इंडिया. मालक एकच, सरकार, पण युनियन दोन: इंडियन एअरलाइन्सवाल्यांची इंडियन कमर्शियल पायलट्स असोसिएशन म्हणजे आयसीपीए, आणि एअर इंडियावाल्यांची इंडियन पायलट्स गिल्ड म्हणजे आयपीजी. दोघींचे करार वेगळे, भत्ते वेगळे, प्रमोशनच्या याद्या वेगळ्या. त्या काळी युनियनचं वजन मोठं होतं कारण पायलटला जायला दुसरी कंपनी नव्हती तसा सरकारलाही दुसरा पायलट नव्हता. १९९२ च्या डिसेंबरात इंडियन एअरलाइन्सचे पायलट संपावर गेले तेव्हा सरकारने बाहेरून क्रूसकट विमानं भाड्याने आणली, त्यातलं उझबेकिस्तानचं एक टीयू-१५४ ९ जानेवारी १९९३ ला दिल्लीत उतरताना धुक्यात उलटलं. आतले १६५ जण वाचले हे नशीबच म्हणायचं.

याच सुमारास खाजगी कंपन्या आल्या, १९९४ ला सरकारी मक्तेदारीचा कायदाही गेला, आणि पायलटला पहिल्यांदाच 'सोडून जातो' म्हणता आलं. माझ्या मते युनियन ढिली पडायला इथूनच सुरुवात झाली, कारण जास्त पैसे मिळवायला आता एकत्र बसायची गरज नव्हती. बरं, खाजगीत युनियन काढणंही सोपं नव्हतं. २००९ च्या सप्टेंबरात जेट एअरवेजने युनियन काढणाऱ्या दोन पायलटांना घरी पाठवलं तर बाकीच्यांनी एकदम 'तब्येत बरी नाही' कळवलं आणि पाच दिवस कंपनीचं वेळापत्रक कोलमडलं. पुढे २०१७ ला डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीचे नियम करणाऱ्या सरकारी खात्याने, कॅप्टनची राजीनाम्याची नोटीस एक वर्षाची केली, म्हणजे सोडून जायची धमकीही बोथट.

सरकारी बाजूला २००७ ला दोन्ही कंपन्या एक केल्या पण करार दोनच राहिले, एकाच कंपनीत दोन पगार. मग २०११ ला आयसीपीए समान पगारासाठी दहा दिवस संपावर, हायकोर्टाने संप थांबवायला सांगितलं, मॅनेजमेंटने युनियनची मान्यता काढली. नंतर दोन्हीकडच्या पगार-प्रमोशनचा मेळ घालायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती बसली. २०१२ ला उलटी बाजू, आयपीजीवाले ५८ दिवस बाहेर, मुद्दा काय तर नव्या ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानाचं ट्रेनिंग आयसीपीएवाल्यांना का. शंभराच्या वर पायलट काढले, हीही मान्यता गेली. पायलट पायलटशीच भांडले की फायदा कोणाचा होते हे सांगायची गरज नाही.

जानेवारी २०२२ ला एअर इंडिया टाटांकडे गेली आणि २०२३ च्या एप्रिलमध्ये नवीन पगाराचं पत्र एकेका पायलटच्या हातात आलं, युनियनशी न बोलता, गॅरंटी ४० तासांची. दोन्ही युनियन आता मात्र एकत्र आल्या, सह्यांचं निवेदन थेट रतन टाटांकडे. २०२४ ला टाटांच्याच विस्तारा एअरलाइनमध्ये तेच, ७० चे ४०, आणि पुन्हा तब्येतीचं कारण, फ्लाइट रद्द.

करारातून काही हाती लागेना तेव्हा युनियननी दुसरा रस्ता धरला, डीजीसीएचे ड्युटी आणि विश्रांतीचे नियम. यात नागपूरचंही नाव येतं. ऑगस्ट २०२३ मध्ये आपल्या विमानतळावर बोर्डिंग गेटजवळ इंडिगोचा एक कॅप्टन कोसळला, पुण्याची फ्लाइट घेऊन जायचा होता, वाचला नाही. कंपनीने सांगितलं की २७ तासांची विश्रांती मिळाली होती, म्हणजे नियमात सगळं बसत होतं. थकव्यानेच झालं असं सिद्ध झालेलं नाही, पण त्यानंतर रोस्टरवर, म्हणजे ड्युटीच्या वेळापत्रकावर, बोलणं वाढलं. जानेवारी २०२४ ला नवे नियम आले: आठवड्याची विश्रांती ३६ ऐवजी ४८ तास, रात्र पहाटे ६ पर्यंत धरायची, रात्रीची लँडिंग ६ ऐवजी २. कंपन्या म्हणाल्या पायलट पुरणार नाहीत, तारीख पुढे गेली, युनियन दिल्ली हायकोर्टात गेल्या आणि शेवटी जुलै आणि नोव्हेंबर २०२५ असे दोन टप्पे ठरले. त्याच डिसेंबरात या नियमांपुढे पायलट कमी पडून इंडिगोचं काय झालं ते सोनेगावला बॅगा घेऊन ताटकळलेल्यांना आठवत असेलच, देशात एका दिवसात हजाराच्या वर फ्लाइट रद्द, आणि वर कंपनीलाच रात्रीच्या नियमातून तात्पुरती सूट.

त्याच्या थोडं आधी, २१ नोव्हेंबर २०२५ ला, नवीन कामगार संहिता लागू झाल्या. ५१ टक्के सभासद असतील त्या युनियनशी मालकाने बोलायचं, हे पायलटांच्या कामाचं आहे. पण निम्म्या किंवा जास्त लोकांनी एका दिवशी ठरवून कॅज्युअल लिव्ह टाकली तर तोही संप, आणि संपाला १४ दिवसांची नोटीस. वरून जुना वाद उभाच आहे, लाखांत पगार घेणारा कॅप्टन कायद्याने 'कामगार' धरायचा की सुपरवायझर. एखाद्या कंपनीने पुढच्या वाटाघाटीत पहिलाच आक्षेप हा घेतला तर मला नवल वाटणार नाही.