प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि दंत-इम्प्लांटभोवतीचे हाड

अवयव प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून, तसेच संधिवाताभ सांधेदाहासारख्या (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) स्वप्रतिकारक आजारांत, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तेव्हा, रोगप्रतिकारशक्ती दाबणारी औषधे दीर्घकाळ द्यावी लागतात. कृत्रिम दाताला आधार म्हणून जबड्यात बसवलेल्या इम्प्लांटभोवती, म्हणजे टायटॅनियमच्या स्क्रूभोवती, हाड कसे भरते आणि पुढे कसे टिकते, यावर त्यांचा परिणाम होऊ शकतो.

टायटॅनियम हाडाशी घट्ट जुळते, हे स्वीडनच्या पेर-इंग्वार ब्रोनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांच्या हाडातील रक्ताभिसरण अभ्यासताना आढळले आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. हाडाला छिद्र पाडताच तेथे रक्त गोठते, प्रतिकारशक्तीच्या भक्षक (जंतू गिळणाऱ्या) पेशी जमतात आणि मर्यादित दाह होऊन नव्या हाडाची उभारणी सुरू होते. म्हणजे औषधे ज्या यंत्रणेला आवर घालतात, तिच्याकडेच या कामाचा पहिला टप्पा असतो.

सर्वांत स्पष्ट पुरावा स्टेरॉइडांबाबत आहे. प्रेडनिसोलोनसारख्या औषधांमुळे हाड बांधणाऱ्या पेशी कमी तयार होतात व लवकर मरतात, तर हाड झिजवणाऱ्या पेशी अधिक काळ टिकतात. ही झीज उपचाराच्या पहिल्या काही महिन्यांत सर्वाधिक वेगाने होते आणि सच्छिद्र हाडाला आधी गाठते. वरच्या जबड्याचा मागचा भाग मुळातच सच्छिद्र असल्याने तेथे अधिक सावधगिरी लागते.

प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिन या औषधाचे चित्र इतके सरळ नाही. ते दिलेल्या प्राण्यांच्या हाडाचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता स्क्रूच्या आट्यांना प्रत्यक्ष टेकलेले हाड कमी आढळले आहे. प्राण्यांना मात्र बहुधा एकच औषध दिलेले असते. रुग्ण दोन-तीन औषधे एकत्र घेतो, शिवाय मूळ आजारही हाड पोखरत असतो, त्यामुळे दोष नेमका कोणाचा हे ठरवणे कठीण जाते. प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या छोट्या अभ्यासांत बहुतेक इम्प्लांट टिकल्याचे दिसते. म्हणून सरसकट मनाई योग्य ठरत नाही. प्रत्यारोपणानंतरचे पहिले सहा महिने मात्र तातडीची नसलेली शस्त्रक्रिया सहसा टाळतात.

सायक्लोस्पोरिनने हिरड्या वाढून इम्प्लांटच्या कडेला जंतूंचा थर साचतो आणि दाबलेल्या प्रतिकारशक्तीमुळे सूज व लाली फारशी जाणवत नाही, म्हणून हाडाची पातळी क्ष-किरण चित्रावरच पाहावी लागते. स्टेरॉइडांमुळे होणारी झीज रोखण्यासाठी दिलेली बिस्फॉस्फोनेट औषधे स्वतःच क्वचित जबड्याचे हाड मृत होण्यास कारणीभूत ठरतात. रुग्ण मात्र औषधांची यादी सांगताना नेमकी तीच विसरतो, कारण त्यांतील काही आठवड्यातून एकदाच घ्यायची असतात.