निवृत्तिवेतन सुधारणांची माघार

हमीचे निवृत्तिवेतन बंद करून सरकार वैयक्तिक खात्यांची, बाजारावर चालणारी योजना आणते आणि पुढे ती पूर्ण किंवा अर्धवट मागे घेते, तेव्हा त्या माघारीला ही संज्ञा वापरतात. 1981 ते 2014 या काळात 30 देशांनी अशी योजना आणली, पहिला चिली. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या पाहणीनुसार 2018 पर्यंत त्यांतले 18 माघारी फिरले.

मूळ दुखणे दुहेरी बोजाचे. नव्या कर्मचाऱ्यांची वर्गणी त्यांच्या खात्यात जाते. जुन्या निवृत्तांना मात्र तिजोरीतूनच द्यावे लागते. बचत दिसायला तीस-चाळीस वर्षे, तूट पहिल्या महिन्यापासून. त्यात मंदी आली की साठलेली गंगाजळी खुणावू लागते. अर्जेंटिनाने 2008 मध्ये, हंगेरीने 2010-11 मध्ये ती ताब्यात घेतली. पोलंडने 2014 मध्ये 51.5 टक्के मालमत्ता सरकारी संस्थेकडे वळवली.

भारतात गणित उलटे आहे. एनपीएस, म्हणजे राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना, ही इथली खात्यांची नवी योजना. तिच्यातली जमा रक्कम राज्यांना परत मिळत नाही, असे केंद्राने स्पष्ट केले. तरी राजस्थानसारखी राज्ये 2022 पासून हमीच्या जुन्या योजनेकडे वळली. कारण उघड आहे: खात्यात भरायचा सरकारी हिस्सा आज वाचतो, आणि नव्या भरतीतले बहुतेक जण निवृत्त होतील तेव्हा दुसरेच कोणी सत्तेत असेल.

महाराष्ट्रात 1 नोव्हेंबर 2005 पासून लागलेले कर्मचारी नव्या योजनेत आले. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या जिल्हा परिषद शाळांचे शिक्षकही त्यांत आहेत. 2023 च्या कोकण शिक्षक मतदारसंघ निवडणुकीत पेन्शन प्रचाराचा मुद्दा होता. त्याच वर्षी 14 ते 20 मार्चच्या संपात ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा गाजली. शिक्षकांचा हिशेब साधा असतो. शेवटचे मूळ वेतन 60,000 रुपये असेल, तर जुन्या योजनेत दरमहा 30,000 आणि वर महागाई भत्ता. एनपीएसमध्ये समजा 40 लाख जमले. 24 लाख हातात येतात, उरलेल्या 16 लाखांची वार्षिकी, म्हणजे विमा कंपनीकडून ठरावीक रक्कम नियमित देणारी योजना, घ्यावी लागते. 6 टक्के दराने ती दरमहा 8,000 पडते, आणि भाव वाढले तरी तेवढीच राहते. उशिरा नोकरीला लागलेल्यांची जमा याहून तुटपुंजी असते. कपात होऊनही खात्याचा हिशेब वर्षानुवर्षे न जुळणे हे वेगळेच दुखणे.

ऑगस्ट 2024 मध्ये केंद्राने आणि लगोलग महाराष्ट्रानेही मधली वाट म्हणून एकीकृत योजना मंजूर केली. केंद्राच्या योजनेत 25 वर्षे सेवा झालेल्यास शेवटच्या 12 महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्म्याची हमी आहे. किमान 10 वर्षे सेवा असल्यास दरमहा 10,000. कर्मचाऱ्याची 10 टक्के वर्गणी मात्र चालूच राहते, म्हणून संघटनांचा जुन्या योजनेचा आग्रह सुटलेला नाही.