फ्रॅक्चर लायझन सर्व्हिस

हाडं ठिसूळ झाल्यामुळे एकदा फ्रॅक्चर झालेल्या पन्नाशीपुढच्या पेशंटला शोधून काढायचं, त्याची तपासणी करायची, औषध चालू करायचं आणि ते खरंच घेतलं जातंय का बघायचं, यासाठी हॉस्पिटलात एक ठरलेला माणूस (बहुतेक ठिकाणी नर्स) नेमून उभी केलेली व्यवस्था. थोडक्यात एफएलएस. उद्देश पहिलं फ्रॅक्चर टाळायचा नसून दुसरं टाळायचा आहे.

उभ्या उंचीवरून किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडलं तर त्याला फ्रॅजिलिटी फ्रॅक्चर म्हणतात. मनगट, खांदा, मणका आणि खुबा या नेहमीच्या जागा. पन्नाशीनंतर उरलेल्या आयुष्यात साधारण दर तीन बायकांमागे एकीला आणि दर पाच पुरुषांमागे एकाला असं फ्रॅक्चर होतं. एकदा झालं की पुढच्याचा धोका जवळजवळ दुप्पट होतो आणि तो सगळ्यात जास्त असतो पहिल्या दोन वर्षांत. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण २० ते ३० टक्के पेशंट वर्षभरात दगावतात, अर्थात त्यातले सगळे मृत्यू त्या फ्रॅक्चरमुळेच होतात असं नाही, आधीचे आजारही असतातच.

औषधं १९९०च्या दशकापासून आहेत. अडचण वेगळीच आहे. ऑर्थोपेडिक सर्जन हाड बसवतो, प्लेट नाहीतर रॉड टाकतो, त्याच्या बाजूने केस संपली, फॅमिली डॉक्टरला वाटतं हॉस्पिटलवाल्यांनी बघितलं असणार, आणि पेशंटला वाटतं की फरशी ओली होती म्हणून पाय घसरला, असं पडल्यावर कुणाचंही मोडेल. मनगटाचं प्लास्टर सहा आठवड्यांनी निघतं आणि हाड ठिसूळ का झालं हा प्रश्न कुणी विचारतच नाही. मणक्याचं तर आणखी अवघड, त्यातली बहुतेक फ्रॅक्चर्स कळतच नाहीत, पाठदुखी म्हणून सोडून दिली जातात किंवा दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्सरेत दिसतात आणि रिपोर्टात एका ओळीत राहून जातात.

या व्यवस्थेची सुरुवात कुठे झाली यावर मात्र एकमत नाही. वय वाढलं की हाडं विरळ होतात आणि खुबा मोडायला त्याचा हातभार लागतो हे लंडनचे सर्जन अ‍ॅस्टली कूपर यांनी १८२०च्या दशकातच नोंदवलेलं आहे. पाळी गेल्यानंतरच्या हाडांच्या झिजेचा संबंध इस्ट्रोजेनशी जोडला तो फुलर अल्ब्राइट यांनी, १९४०च्या आसपास. पण हे झालं आजाराबद्दल. काळजी घ्यायच्या पद्धतीचं मूळ काहीजण इंग्लंडमधल्या हेस्टिंग्जला नेतात, तिथे डेव्हास हे सर्जन आणि अर्विन हे वृद्धांचे फिजिशियन साधारण १९५०च्या दशकाच्या शेवटापासून एकाच वॉर्डात मिळून पेशंट बघायला लागले. ऑर्थोजेरियाट्रिक्स म्हणतात ते हेच. ते महत्त्वाचं आहेच, पण तिथे भर होता मोडलेला पेशंट पुन्हा चालता करण्यावर, पुढचं फ्रॅक्चर टाळणं हा मुख्य विषय नव्हता. दुसरा दावा दक्षिण कॅलिफोर्नियातल्या कैसर पर्मनेंटे या आरोग्यसेवा संस्थेचा, तिथला हाडांचा कार्यक्रम १९९०च्या दशकाच्या शेवटी सुरू झाला आणि खुब्याची फ्रॅक्चर्स अपेक्षेपेक्षा ३७ टक्क्यांनी कमी झाल्याचं त्यांनी पुढे छापलं. मात्र हा आकडा आधीच्या दरांवरून काढलेल्या अंदाजाशी केलेली तुलना आहे, शेजारी तुलनेचा गट ठेवून केलेली ट्रायल नव्हे. आणि तिसरा दावा स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचा, १९९९. मॅक्लेलन, गॅलाकर आणि सहकाऱ्यांनी फ्रॅक्चर क्लिनिकमध्येच नर्स बसवून सगळे पेशंट गाठायची पद्धत घातली आणि २००३ मध्ये ती सविस्तर मांडली. नाव आणि आजचा साचा दोन्ही तिथलंच, त्यामुळे बहुतेक लेखक ग्लासगोलाच मान देतात आणि ते बरोबर वाटतं.

रोजचं काम अगदी साधं दिसतं. नर्स प्लास्टर रूमची आणि वॉर्डची यादी घेऊन बसते, पन्नाशीच्या वरची नावं काढते आणि विचारत जाते, कसं पडलात, आधी काही मोडलं होतं का, उंची कमी झालीय का, आईवडिलांचा खुबा मोडला होता का, स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत का, गेल्या वर्षात किती वेळा पडलात. मग हाडांची घनता मोजणारा डेक्सा स्कॅन आणि रक्ताच्या तपासण्या, कॅल्शियम, व्हिटॅमिन डी, किडनी, थायरॉइड. २०१३ मध्ये एका आढाव्यात या सेवांचे ए ते डी असे चार प्रकार केले गेले. ए मध्ये शोधणं, तपासणं आणि औषध चालू करणं तिन्ही तिथेच होतं, बी मध्ये औषध फॅमिली डॉक्टरवर सोपवतात, सी मध्ये फक्त कळवतात, डी मध्ये पेशंटच्या हातात माहितीपत्रक. ए कडून डी कडे जाल तसं औषध मिळणाऱ्यांचं प्रमाण घसरत जातं, नुसतं पत्रक देऊन जवळजवळ काहीच होत नाही.

तपासणीत घोळ होतो तो टी-स्कोअरचा, म्हणजे निरोगी तरुण माणसाच्या तुलनेत हाडांची घनता किती कमी आहे हे सांगणाऱ्या डेक्साच्या आकड्याचा. उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होण्याचा आजार), ही रेघ जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासगटाने १९९४ मध्ये आखली, ती मुळात पाळी गेलेल्या गोऱ्या स्त्रियांमधलं आजाराचं प्रमाण मोजण्यासाठी, औषध द्यायचं की नाही हे ठरवायला नव्हे. पुढे ती सगळीकडे उपचाराचा उंबरठा होऊन बसली. प्रत्यक्षात बरीचशी फ्रॅक्चर्स या रेघेच्या वरच्याच लोकांना होतात, कारण असे लोक संख्येने कितीतरी जास्त आहेत. म्हणून शेफील्डहून २००८ मध्ये फ्रॅक्स आलं, वय, वजन, जुनं फ्रॅक्चर वगैरे घालून दहा वर्षांचा धोका काढणारं. पण मूळ फ्रॅक्समध्ये किती वेळा पडलात हा प्रश्नच नाही, आणि जुनं फ्रॅक्चर दोन महिन्यांपूर्वीचं की वीस वर्षांपूर्वीचं यानेही फरक पडत नाही. खुबा किंवा मणका मोडलेला असेल तर स्कोअर काहीही येवो, उपचार द्यावेत असंच आता बहुतेक तज्ज्ञ धरतात.

औषधांत अ‍ॅलेंड्रोनेट जुनं आणि स्वस्त. आठवड्याची एक गोळी, पण सकाळी उपाशीपोटी, भरपूर साध्या पाण्याबरोबर, आणि नंतर अर्धा तास आडवं व्हायचं नाही, नाहीतर अन्ननलिकेला इजा होते. हे जमत नाही म्हणून वर्षभरात बरेच जण सोडतात. झोलेड्रोनिक अ‍ॅसिड वर्षातून एकदा शिरेतून, २००७ च्या होरायझन ट्रायलमध्ये खुब्याच्या ऑपरेशननंतर ९० दिवसांच्या आत दिल्यावर नवीन फ्रॅक्चर्स ३५ टक्क्यांनी आणि मृत्यू २८ टक्क्यांनी कमी झाले. अनेक वर्षं सलग घेतल्यावर जबड्याचं हाड खराब होणं किंवा मांडीचं हाड वेगळ्याच पद्धतीने मोडणं हे धोके खरे आहेत पण दुर्मिळ, आणि भीती त्यामानाने फारच पसरलेली.

नुसतं हाड मजबूत करून भागत नाही, पडणंही थांबायला हवं. तोल आणि पायाची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण साधारण एक चतुर्थांशाने घटतं. झोपेच्या गोळ्या कमी करणं, मोतीबिंदू काढणं हेही यात येतं. व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांबद्दल मात्र अपेक्षा उतरल्या आहेत, कमतरता आहे का हे न बघता निवडलेल्या सर्वसाधारण निरोगी लोकांत त्याने फ्रॅक्चर्स कमी झाली नाहीत, असं २०२२ मध्ये व्हायटल नावाच्या ट्रायलने दाखवलं.

इंटरनॅशनल ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनने २०१२ पासून कॅप्चर द फ्रॅक्चर या मोहिमेत अशा सेवांना गोल्ड, सिल्व्हर, ब्राँझ दर्जा देऊन जगाच्या नकाशावर मांडायला सुरुवात केली. दर्जा ठरवताना औषध चालू केलं का इतकंच नाही, नंतर पाठपुरावा झाला का हेही बघतात. डेनोसुमॅब या हाडांच्या दुसऱ्या एका औषधाच्या बाबतीत हा पाठपुरावा तर फारच गरजेचा, त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी लागतं आणि ते मध्येच बंद केलं तर हाडाची घनता भराभर उतरते, एकाच वेळी अनेक मणके दबल्याच्याही केसेस आहेत, त्यामुळे ते थांबवायचंच असेल तर त्याच्या जागी दुसरं औषध, बहुतेक वेळा झोलेड्रोनिक अ‍ॅसिड, वेळेवर चालू करावं लागतं.