दोनशे इंची आरशामागची काच

1 नोव्हेंबर 1917 च्या रात्री कॅलिफोर्नियातील माउंट विल्सनवर खगोलशास्त्रज्ञ जॉर्ज एलरी हेल यांनी 100 इंच व्यासाचा आरसा असलेल्या नव्या दुर्बिणीतून प्रथमच गुरू पाहिला, तेव्हा त्यांना एकमेकांवर चढलेली सहा-सात बिंबे दिसली. दिवसा कामगारांनी घुमट उघडा ठेवल्यामुळे आरसा उन्हाने तापला होता. उत्तररात्री तो निवला आणि प्रतिमा स्वच्छ झाली. आरसा कितीही काटेकोर घासला तरी काच तापून फुगली की त्याचा आकार बिघडतो, ही अडचण पुढच्या आरशासाठी काच निवडताना निर्णायक ठरली.

1928 मध्ये रॉकफेलर निधीतून 60 लाख डॉलर मंजूर झाल्यावर हेल यांनी 200 इंची, म्हणजे सुमारे 5 मीटर व्यासाच्या आरशाची तयारी सुरू केली. उष्णतेने जेमतेम प्रसरण पावणारा वितळवलेला क्वार्ट्झ ही पहिली निवड होती, परंतु एवढी मोठी तबकडी घडवणे जनरल इलेक्ट्रिकला साधले नाही. मग काम न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंगच्या कारखान्याकडे गेले आणि पायरेक्स, म्हणजे ओव्हनमधल्या भांड्यांसाठी घरोघरी माहीत असलेली काच, आकाश पाहण्यासाठी निवडली गेली. या इतिहासातला मला सर्वांत आवडणारा भाग हाच. वजन घटवण्यासाठी आरशाच्या पाठीत पोकळ्या हव्या होत्या, म्हणून साच्यात उष्णतारोधक ठोकळे बसवले होते. 25 मार्च 1934 रोजी काच ओतत असतानाच त्यांतले काही सुटले आणि वितळलेल्या काचेवर तरंगू लागले. ठोकळे अधिक पक्के बसवून 2 डिसेंबरला दुसरी तबकडी ओतली गेली. ती घाईने निवली असती तर आत ताण राहून तडकली असती, त्यामुळे तापमान दिवसाला एक अंश सेल्सियसपेक्षाही कमी उतरवत तिला सुमारे दहा महिने भट्टीतच ठेवले. मध्येच, जुलै 1935 मध्ये, नदीला पूर येऊन वीज बंद करावी लागली. तबकडी त्यातूनही वाचली.

1936 मध्ये ती रेल्वेने पॅसाडेनाला पोहोचली. तिथे कॅलटेक या तंत्रविज्ञान संस्थेच्या कार्यशाळेत सुमारे 5 टन काच घासून काढली गेली आणि मधोमध जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर खोल अशी उथळ वाटी तयार झाली. महायुद्धाने हे काम काही वर्षे थांबवले. 1938 मध्ये निधन पावलेल्या हेल यांना पूर्ण झालेला आरसा पाहता आला नाही. 1947 मध्ये तो कॅलिफोर्नियातल्याच पालोमार पर्वतावरच्या वेधशाळेत गेला आणि 3 जून 1948 रोजी दुर्बिणीचे उद्घाटन झाले, तरीही आरशाच्या कडेचा पट्टा किंचित उंच राहिल्याचे ताऱ्यांच्या चाचण्यांत आढळले आणि 1949 मध्ये पर्वतावरच तो भाग हाताने पुन्हा घासून उतरवावा लागला.