डोळ्याची एक कला आणि मोबाइलचे पिक्सेल

गेल्या महिन्यात मामांसोबत मोबाइल घ्यायला गेलो होतो. मामा बासष्ट वर्षांचे. बातम्या आणि व्हॉट्सअ‍ॅप नीट वाचता यावं, एवढीच त्यांची मागणी. दुकानातला मुलगा मात्र एक महागडा फोन पुढे करत राहिला : "काका, क्यूएचडी प्लस स्क्रीन आहे. पिक्सेल जास्त, म्हणजे डोळ्यांना त्रास कमी." हा समज इतका पसरलाय की त्यावर लिहायला बसलो.

पडद्याच्या एका इंचात किती पिक्सेल, म्हणजे चित्र घडवणारे बारीक ठिपके, मावतात, त्याला पीपीआय म्हणतात. ६.७ इंची पडद्यावर १०८० × २४०० पिक्सेल असतील, तर पायथागोरसच्या प्रमेयाने कर्णावर सुमारे २६३२ पिक्सेल येतात, भागिले ६.७, म्हणजे ३९३ पीपीआय. तेवढ्याच पडद्यावर १४४० × ३२०० (दुकानातल्या मुलाचं क्यूएचडी प्लस ते हेच) बसवले की ५२४. हा फरक डोळ्याला कळतो का, एवढाच खरा प्रश्न.

डोळा मिलिमीटर मोजत नाही, कोन मोजतो. पंचांगात ग्रहांची स्थिती अंश-कलांमध्ये दिलेली असते. एका अंशाच्या साठ कला. पौर्णिमेचं चंद्रबिंब साधारण ३० कलांचं दिसतं. डॉक्टरांकडच्या अक्षरांच्या तक्त्यावर ६/६ ची ओळ वाचणारा डोळा एका कलेएवढा तपशील वेगळा ओळखतो. फोन ३० सेंटिमीटरवर धरला तर एक कला म्हणजे ०.०८७ मिलिमीटर, आणि तेवढ्या मापाचे पिक्सेल इंचात २९१ मावतात. २०१० साली ३२६ पीपीआयचा आयफोन ४ आणताना अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स यांनी ३०० च्या आसपासची जी मर्यादा सांगितली, ती याच हिशेबातली.

पण एकच कला का? मला या विषयातलं सगळ्यात सुंदर वाटतं ते इथे आहे. दृष्टिपटलाच्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्याच्या, मधोमध एक चिमुकला खळगा असतो. आपण वाचतो ते त्या खळग्याने. तिथे शंकुपेशी, म्हणजे उजेड आणि रंग टिपणाऱ्या पेशी, इतक्या दाटीने बसलेल्या असतात की शेजारच्या दोन पेशींमधलं अंतर जेमतेम अडीच मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), म्हणजे कोनात अर्धी कला. काळी-पांढरी रेघ वेगळी दिसायची तर एका पेशीवर उजेड आणि शेजारचीवर अंधार पडायला हवा. म्हणजे एका अंशात अशा रेघांच्या फार तर ६० जोड्या पकडता येतील. आता डोळ्याची पुढची बाजू पाहा. प्रकाश तरंग असल्यामुळे बाहुलीच्या छिद्रातून जाताना पसरतो. बाहुली २ मिलिमीटरची असेल तर हिरव्या प्रकाशात अंशाला ६० च्या थोड्या वर जोड्या गेल्या की प्रतिमा पार पुसट होते. बाहुली मोठी झाली तर हे पसरणं कमी होतं, पण भिंगाचे दोष वाढतात. भिंग पोचवू शकतं तेवढंच दृष्टिपटल टिपू शकतं! उत्क्रांतीने दोन्ही टोकं जुळवून आणली आहेत. ६/६ ची नजर या टोकाच्या निम्म्यावर असते. निरोगी तरुण डोळे त्याच्या बरेच पुढे जातात. टोकाचा हिशेब केला तर ३० सेंटिमीटरवर ५८० च्या आसपास पीपीआय होतात, पण ते आदर्श डोळ्यासाठी आणि अगदी ठळक रेघांसाठी. रोजच्या वाचनाला ४०० भरपूर झाले.

आणखी एक गंमत. निळा रंग टिपणाऱ्या शंकुपेशी त्या खळग्याच्या अगदी मध्यावर जवळपास नसतातच. म्हणजे बारीक निळा तपशील आपल्याला दिसतच नाही. बहुतेक ओलेड (ज्यांचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो अशा) फोनच्या पडद्यांवर लाल आणि निळे ठिपके हिरव्यांच्या निम्मेच असतात, त्यातलं निळ्यांचं कमी असणं याच जोरावर खपून जातं.

मग जास्तीच्या पिक्सेलचं काय होतं? १४४० च्या पडद्यावर १०८० च्या पावणेदोन पटींहून जास्त पिक्सेल असतात, आणि प्रोसेसरला ते सगळे रंगवावे लागतात. बॅटरी तिथे जाते. असे काही फोन कारखान्यातूनच १०८० वर लावून येतात.

डोळे थकतात ते पिक्सेलमुळे नव्हे. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात, डोळा कोरडा पडतो. जवळ नजर लावून ठेवणारे स्नायू तासन्‌तास ताणलेले राहतात.

इंचांचंही असंच. ५.५ इंची जुना, १६:९ मापाचा पडदा ६८ मिलिमीटर रुंद असायचा. आजचा ६.७ इंची, २०:९ चा पडदा ७० मिलिमीटर. वाढली ती उंची. वाचताना ओळ किती लांब मिळते, हे रुंदीवर ठरतं.

मामांसारख्या माणसाचं गणित तर उलटंच चालतं. चाळिशीनंतर भिंग ताठर होत जातं, म्हणून फोन लांब धरला जातो. ४५ सेंटिमीटरवर १९४ पीपीआयसुद्धा एका कलेला पुरतात. अक्षरं मात्र तितकीच लहान दिसू लागतात, आणि देवनागरीत जोडाक्षर, रफार, अनुस्वार एवढ्याशा जागेत कोंबलेले असतात. तिथे पिक्सेल वाढवून उपयोग नाही, अक्षर वाढवावं लागतं.

मामांनी १०८० चा फोन घेतला. घरी आल्यावर सेटिंगमध्ये जाऊन अक्षराचा आकार दोन पायऱ्या वाढवून दिला, आणि चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगितलं. तीन वर्षं तपासला नव्हता.